कुलूप भक्कम, उंबरठा मोकळा

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. तेव्हापासून सुरक्षित संदेशवहन हा आपल्या विज्ञानवृत्तांतील मानाचा विषय झाला आहे. ६००३.६५ कोटी रुपयांची तरतूद, २०३०-३१ पर्यंतची मुदत आणि दोन हजार किलोमीटर अंतरावर क्वांटम तत्त्वावर आधारलेला सुरक्षित संपर्क साधण्याचे उद्दिष्ट, हे सारे आता शालेय विद्यार्थ्यांच्याही तोंडी असते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने, क्वांटम संगणकालाही दाद देणार नाहीत अशा कूटलेखनाची पहिली तीन मानके जाहीर केली. भौतिकशास्त्राचा संशोधक म्हणून या बातम्या वाचताना मला आनंद होतो. मात्र या उत्साहात सुरक्षिततेची एक बाजू अंधारात राहते आणि आजचे लिखाण तिच्यासाठी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. गुपित फुटते किंवा हरवते, तेव्हा कूटलेखनाचे गणित हरलेले असतेच असे नाही. पुष्कळदा दोष असतो तो गुपित ज्या दाराने आत येते तेथे, म्हणजे वापरकर्त्याने टंकलेला मजकूर प्रोग्रॅम ज्या ठिकाणी स्वीकारतो तेथे. हे दार नीट बसवणे हे वैज्ञानिक शिस्तीचे काम आहे. आपण त्याला किरकोळ दुरुस्ती समजतो, त्याची बातमी होत नाही आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याला जागा नाही. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना तर या उपेक्षेची किंमत इतरांपेक्षा अधिक मोजावी लागते.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊ. संशोधनाच्या कामात पासवर्ड एक-दोन नसतात. महासंगणकात प्रवेश करण्याची किल्ली, विदासंग्रहातून निरीक्षणे उतरवून घेण्याचे टोकन, प्रयोगशाळेतील उपकरणांचे सांकेतिक शब्द, सहकाऱ्यांबरोबर वाटून घेतलेली गुपिते अशी ती रास असते. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियासारख्या प्रकल्पाचे काम अनेक संस्थांच्या संगणकांवरून चालते. तेथे अशा किल्ल्या शेकडोंच्या संख्येने लागणार हे उघड आहे. त्या वहीत लिहिणे किंवा साध्या फाइलीत ठेवणे धोक्याचे, म्हणून टर्मिनलवरून चालणारी छोटी साधने वापरली जातात. त्यांपैकी ‘पास’ हे साधन जेसन डोनेनफेल्ड यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची रचना आदर्श वाटावी इतकी साधी आहे. प्रत्येक गुपिताची एक फाइल, ती ‘ग्नूपीजी’ या मान्यवर प्रोग्रॅमने कूटबद्ध केलेली, आणि सगळ्यांचा कारभार पाहणारी शेलमधील एक आज्ञावली. कूटलेखनाचे अवघड गणित तज्ज्ञांवर सोपवलेले असते. साधनाकडे उरते ते एवढेच की माणसाकडून मजकूर घ्यायचा, तो जसाच्या तसा पुढे द्यायचा आणि मागितल्यावर परत करायचा.

या ‘जसाच्या तसा’मध्येच सारी मेख आहे. बॅश या प्रचलित शेलमध्ये ओळ वाचण्यासाठी ‘रीड’ ही आज्ञा आहे. ती सरळ वापरली तर मजकुराच्या आरंभीची आणि शेवटची मोकळी जागा गळून पडते. मजकुरात बॅकस्लॅश, म्हणजे उलट्या कलाची तिरपी रेघ असेल, तर तीही गिळली जाते, कारण तिला तेथे विशेष अर्थ आहे. मजकूर पुढे पाठवताना ‘इको’ ही आज्ञा वापरली आणि पासवर्ड नेमका आडव्या रेघेने सुरू होत असला, तर ‘इको’ त्याला स्वतःसाठी दिलेली सूचना समजू शकते. एका आज्ञेचे उत्तर दुसरीत भरताना शेवटच्या नव्या ओळीच्या खुणा शेल परस्पर पुसून टाकतो. यांपैकी कोणतीही गोष्ट घडताना पडद्यावर अक्षर उमटत नाही. साधन ‘जतन झाले’ असे सांगते आणि माणूस निश्चिंत होतो. सहा महिन्यांनी तो पासवर्ड चालत नाही, आणि मूळ मजकूर कोठेच शिल्लक नसतो.

डिस्क कूटबद्ध करणाऱ्या ‘क्रिप्टसेटअप’चे उदाहरण याच जातीचे आहे. पासवर्ड कळफलकावरून दिला तर शेवटची नव्या ओळीची खूण मोजली जात नाही, पण तोच पासवर्ड किल्लीच्या फाइलीतून दिला तर ती खूण पासवर्डाचाच भाग धरली जाते. डोळ्यांना दोन्ही मजकूर एकच दिसतात. एकाने डिस्क उघडते, दुसऱ्याने उघडत नाही. हे वर्तन त्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट नोंदवलेले आहे, म्हणून त्याला दोष म्हणता येणार नाही. परंतु न दिसणारे एक चिन्ह संपूर्ण डिस्क कशी अडवून धरते, हे त्यावरून कळते.

येथवर पाहिलेल्या प्रकारांत गुपित बिघडते. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. त्यात परक्याने दिलेला मजकूर साधनाच्या स्वतःच्या भाषेत मिसळतो आणि आज्ञेचे रूप घेतो. ‘पास’मध्येच जून २०१८ मध्ये असा दोष उघड झाला. कोणकोणत्या किल्ल्यांसाठी गुपिते कूटबद्ध करायची, ही यादी एका फाइलीत असते. ती कोणी गुपचूप बदलू नये म्हणून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी करण्याची सोय आहे. स्वाक्षरी खरी आहे का, हे ‘पास’ ग्नूपीजीला विचारत असे आणि उत्तराच्या ओळींत ‘स्वाक्षरी वैध’ अशा अर्थाचा ठरावीक नमुना शोधत असे. दोष एवढाच होता की तो नमुना ओळीच्या आरंभाशी आणि अंताशी बांधलेला नव्हता. ओळीच्या मधोमध कोठेही तो मजकूर आढळला तरी चालत असे. आता ग्नूपीजीच्या उत्तरात स्वाक्षरी करणाऱ्याचे नावही येते, आणि ते नाव ज्याचे त्याने ठरवलेले असते. हल्लेखोराने आपल्या नावातच तो नमुना लिहून ठेवला, की खोटी स्वाक्षरी खरी ठरे. मग यादीत त्याची किल्ली शिरली असती आणि पुढची गुपिते त्यालाही वाचता आली असती.

हा दोष मार्कस ब्रिंकमन या संशोधकाने शोधला. त्याच सुमारास त्याने खुद्द ग्नूपीजीतही त्याच कुळातला दोष दाखवून दिला होता. तेथे फाइलीच्या नावात नव्या ओळीची खूण दडवून खोट्या ओळी घुसवता येत होत्या. ‘पास’च्या १.७.२ या आवृत्तीत दुरुस्ती झाली आणि तिचे सार एका वाक्यात मावते: नमुना ओळीच्या दोन्ही टोकांशी बांधा. काही थोड्या चिन्हांची भर पडली आणि भगदाड बुजले. आरएसए किंवा एईएस यांच्या गणिताला या साऱ्या प्रकरणात कोठेही धक्का लागला नव्हता. घात झाला तो मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याबद्दलच्या ढिलाईने.

दुरुस्ती लहान असते, म्हणून विषयही लहान आहे असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी ‘गिट’चा इतिहास बोलका आहे. आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळणारे हे साधन विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत वापरले जाते. दूरच्या संगणकाचा पासवर्ड हवा असेल तेव्हा गिट एका मदतनीस प्रोग्रॅमला विचारते. दोघांचा संवाद ओळींनी चालतो: एका ओळीत संगणकाचे नाव, दुसरीत संपर्काची पद्धत. प्रश्न असा आला की संगणकाच्या पत्त्यातच नव्या ओळीची खूण सांकेतिक रूपात दडवली तर? गिट ती उलगडून पुढे पाठवी, मदतनिसाला एक जादा ओळ दिसे, आणि एका संकेतस्थळाचा पासवर्ड दुसऱ्याच संकेतस्थळाच्या हाती पडे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातील फेलिक्स विल्हेल्म यांनी हे दाखवले आणि १४ एप्रिल २०२० रोजी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. यापुढे मूल्यात नवी ओळ आढळली तर गिट नकार देणार होते.

सहाच दिवसांनी, २० एप्रिलला, दुसरी दुरुस्ती काढावी लागली. संगणकाचे नाव मुळीच नसलेला विचित्र पत्ता दिला, तर काही मदतनीस रिकाम्या जागेचा अर्थ ‘कोणताही चालेल’ असा लावत आणि साठवलेला एखादा पासवर्ड देऊन टाकत. पुढे १४ जानेवारी २०२५ रोजी त्याच दाराची तिसरी दुरुस्ती आली. या वेळी चिन्ह होते ‘कॅरेज रिटर्न’, म्हणजे टंकलेखन यंत्राचा गाडा मागे नेण्याच्या जुन्या कृतीचा संगणकीय अवशेष. गिट त्याला ओळीचा शेवट मानत नव्हते, पण डॉटनेटसारख्या मंचावर लिहिलेले काही मदतनीस मानत होते. दोघांची ‘ओळ’ या शब्दाची व्याख्या निराळी होती, आणि त्या फटीतून पासवर्ड गळत होता.

या तीन तारखांतून काय शिकायचे? प्रत्येक वेळी दुरुस्ती प्रामाणिक होती, करणारी माणसे कसलेली होती. तरीही पहिल्या दोन वेळा सापडलेली वाट बंद झाली आणि शेजारची उघडी राहिली. माझ्या मते, ज्या चिन्हाने घात केला त्याला बंदी घालणे ही अर्धी दुरुस्ती आहे. दोन प्रोग्रॅमांमधला करार लेखी करणे ही पुरी दुरुस्ती आहे. ओळ कशाने संपते, रिकाम्या मूल्याचा अर्थ काय, कोणती चिन्हे स्वीकारायची आणि बाकीच्यांना नकार कसा द्यायचा, हे ठरवल्याशिवाय दार बसवले असे म्हणता येत नाही.

मी हे पानिपतहून लिहीत आहे. मराठी माणसाला या गावाचे नाव उच्चारताना १४ जानेवारी १७६१ आठवतो, पण अभ्यासकांच्या दृष्टीने त्या लढाईचा पाया काही महिने आधीच घातला गेला होता. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौज व दिल्ली यांच्यामध्ये तो येऊन बसला. छावणीभोवती खंदक होता, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, शौर्याला तोटा नव्हता. पण नदीचा उतार राखला गेला नाही आणि रसद तुटली. उपासमारीने फौज बाहेर पडली ती शेवटच्या लढाईसाठीच. संगणकाच्या सुरक्षेबद्दल लिहिताना हा दाखला मला वारंवार सुचतो. कूटलेखन हा आपला तोफखाना आहे. त्याच्या आवाजात उताराकडे लक्ष देणारा माणूस दिसेनासा होतो.

उतार किती क्षुल्लक असू शकतो, याचे एक उदाहरण विद्यार्थ्यांच्या लक्षात राहण्याजोगे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनमधील वालेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातील हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी दाखवले, की लिनक्स सुरू करून देणाऱ्या ‘ग्रब’ या प्रोग्रॅमची पासवर्डाची अट बॅकस्पेसची कळ २८ वेळा दाबून ओलांडता येते. कारण सरळ होते. मजकूर खोडला की लांबी एकाने कमी करायची, एवढे प्रोग्रॅमला ठाऊक होते. लांबी आधीच शून्य असेल तर कमी करायची नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शून्यातून एक वजा झाला, आकडा भलतीकडे गेला आणि स्मृतीतील नको त्या जागी लेखन होऊ लागले. हा दोष २००९ पासून त्या आज्ञावलीत होता. दुरुस्ती म्हणजे एक अट: लांबी शून्य नसेल तरच खोडा.

आता मराठीकडे वळतो, कारण या विषयाचे मराठी अंग फारसे मांडले गेलेले नाही. समजा, कोणी आपल्या गुपितपेटीचा पासवर्ड मातृभाषेत ठेवला. आपली भाषा आठवायला सोपी, बाहेरच्याला अंदाज करायला अवघड. कल्पना चांगली आहे. पण ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र, ज्यामुळे तो ‘दर्या’पासून वेगळा पडतो, युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. तेच अक्षर ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन चिन्हांनीही लिहिता येते. तिसरा प्रकार म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण बाइटांच्या रूपात तिन्ही वेगळे असतात. कूटलेखनाला दिसण्याशी कर्तव्य नसते. एक बाइट बदलला की किल्ली सर्वस्वी बदलते. घरच्या संगणकावर ठेवलेले गुपित कार्यालयातल्या संगणकावर उघडत नाही आणि कोणाला कारण उमगत नाही.

यावर प्रमाणीकरण नावाचा उपाय आहे. समान मानलेली रूपे एका ठरावीक रूपात आणायची आणि मगच किल्ली बनवायची. पासवर्डांसाठी तसा नियम इंटरनेटच्या मानकांत २००५ पासून लिहिलेला आहे. त्याने ‘ऱ’ची पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे मात्र वेगळेच राहते, कारण युनिकोडच्या मते ते समान नाही. ‘ॲ’चे तसेच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले जाई आणि आजही अनेकजण तसे लिहितात. ही दोन रूपे कोणत्याही प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. ‘ॲटम’ या शब्दाने सुरू होणारा पासवर्ड दोन कळफलकांवर दोन वेगळे पासवर्ड असू शकतो.

खोडण्याचीही अशीच कथा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या प्रचलित सांकेतनात तीन बाइट घेते. ‘क्षि’ हे एक अक्षर दिसते, पण ती चार चिन्हे आणि बारा बाइट असतात. टर्मिनलला यूटीएफ-८ची जाणीव करून दिलेली नसेल, तर बॅकस्पेसची कळ एक चिन्ह न खोडता एकच बाइट खोडते. पासवर्ड टंकताना पडद्यावर काही उमटत नसल्याने अर्धवट तुटलेले चिन्ह तसेच आत जाते. लिनक्समध्ये ही जाणीव देणारी खूण २००४ पासून आहे. दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एसएसएच संपर्कातून ती खूण पुढे पाठवण्याचे मानक मात्र २०१७ मध्ये आले.

आणखी एक मर्यादा लांबीची. बीक्रिप्ट ही पासवर्ड साठवण्याची जुनी आणि प्रतिष्ठित पद्धत पहिले ७२ बाइटच विचारात घेते. इंग्रजीत ती ७२ अक्षरे होतात. देवनागरीत केवळ २४ चिन्हे. त्यापुढचा मजकूर अनेक प्रोग्रॅम निमूटपणे टाकून देतात. लांबलचक मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याला आपण फार सुरक्षित आहोत असे वाटते, आणि प्रत्यक्षात वाक्याच्या पूर्वार्धावरच सारी भिस्त असते. हा धोका काल्पनिक नाही. २०२४ च्या अखेरीस ओक्टा या ओळख-व्यवस्थापन कंपनीने स्वतःच जाहीर केले, की वापरकर्त्याचे नाव ५२ किंवा अधिक अक्षरांचे असेल तर काही परिस्थितीत पासवर्ड न तपासताच प्रवेश मिळू शकत होता. नाव आणि पासवर्ड एकत्र करून बीक्रिप्टला दिले जात आणि लांब नावापुढे पासवर्डाला जागाच उरत नसे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. पासवर्डात रोमन अक्षरे, अंक आणि ठरावीक चिन्हेच वापरा, म्हणजे प्रश्नच मिटला, असे अनुभवी माणसे सांगतात. क्रिप्टसेटअपच्या प्रश्नोत्तरांतही आस्कीमधील ९५ छापील चिन्हांपुरतेच राहण्याचा आग्रह आहे. आज, या घडीला, डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याला मीसुद्धा हाच सल्ला देईन. त्याची विदा माझ्या मतांपेक्षा मोलाची आहे. पण तात्पुरता सल्ला आणि कायमचे धोरण यांत फरक असतो. साधन जर फक्त ९५ चिन्हे सांभाळू शकत असेल, तर त्याने इतर चिन्हे दिसताच स्पष्ट नकार द्यावा. स्वीकारायचे, आतल्या आत बदलायचे आणि ‘जतन झाले’ म्हणायचे, हे कोणत्याही भाषेच्या माणसाशी अप्रामाणिकपणाचे आहे. शिवाय रोमन लिपीपुरते राहूनही मोकळी जागा, बॅकस्लॅश आणि आडवी रेघ उरतातच. वर सांगितलेले ‘पास’, गिट आणि ग्रब यांचे दोष देवनागरीमुळे उद्भवलेले नव्हते.

दुसरा आक्षेप आमच्याच क्षेत्रातून येतो: हे अभियंत्यांचे काम, शास्त्रज्ञांनी त्यात वेळ का घालवावा? मला वाटते, हे काम शास्त्रज्ञाच्या वृत्तीला जवळचे आहे. तुला रिकामी असताना काटा शून्यावर आहे ना, हे पाहिल्याशिवाय आपण वजन घेत नाही. मापनयंत्राने संकेतात स्वतःची भर घातली आहे का, हे तपासण्यात आपली निम्मी हयात जाते. गुपिते जपणाऱ्या साधनाची चाचणी तीच आहे: आत ठेवलेले आणि बाहेर काढलेले बाइटागणिक सारखे आहेत का? आणि चाचणीची सर्वांत फलदायी पद्धत तर गोंगाटातूनच जन्मली. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी जोडलेले होते. विजांमुळे तारेत घुसलेली भलतीच अक्षरे प्रोग्रॅमांना बंद पाडत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम यादृच्छिक मजकूर देऊन युनिक्सची साधने तपासायला सांगितले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाव ते एक-तृतीयांश साधने कोसळली किंवा अडकून पडली. आज ‘फझिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत, गोंगाट हाच शोधकिरण म्हणून वापरण्याची कल्पना, भौतिकशास्त्रज्ञाला परकी वाटू नये.

मग चांगली दुरुस्ती कशी असते? पहिली पायरी म्हणजे दोष पुन्हा घडवून आणणारी चाचणी लिहिणे. दुरुस्तीपूर्वी ती फसली पाहिजे, दुरुस्तीनंतर उत्तीर्ण झाली पाहिजे. तसे नसेल तर आपण काय दुरुस्त केले हेच सांगता येत नाही. दुसरी पायरी कराराची: मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, ठरलेल्या प्रमाण रूपात आणायचा, की नाकारायचा, यांपैकी एक निवडून ते लिहून ठेवायचे. तिसरी पायरी मोठ्याने नकार देण्याची. साधनाला जे पेलत नाही त्याबद्दल त्याने माणसाला समजेल अशा शब्दांत सांगावे आणि काम थांबवावे. चौथी पायरी शेजाऱ्यांना तपासण्याची: एक चिन्ह सापडले की त्याच्या जातीची सगळी चिन्हे त्याच दारातून फिरवून पाहावीत. पाचवी पायरी जुन्या गुपितांची. वर्तन बदलले की आधी बिघडून साठलेले पासवर्डही जपावे लागतात, नाहीतर दुरुस्तीच लोकांना दाराबाहेर ठेवते. बॅशमध्ये प्रत्यक्ष बदल दोन-तीन शब्दांचा असतो: ‘रीड’ला काहीही गाळू नको असे सांगणे आणि ‘इको’ऐवजी ‘प्रिंटएफ’ वापरणे. उरलेले सारे श्रम विचाराचे आहेत.

गुपित आज्ञेच्याच ओळीत लिहून देण्याची सोय तर साधनाने ठेवूच नये. तसे दिलेले गुपित शेलच्या इतिहासाच्या फाइलीत उतरते, आणि लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत त्या यंत्रावरील इतरांनाही चालू प्रोग्रॅमांच्या यादीत दिसू शकते. सामायिक महासंगणकावर हे इतर म्हणजे शेकडो अनोळखी सहाध्यायी असतात.

आपल्या संस्थांकडून माझी अपेक्षा माफक आहे. क्वांटम मिशनचे चार विषयकेंद्र बंगळूरची आयआयएससी, मद्रास, मुंबई आणि दिल्ली येथील आयआयटी यांच्याकडे आहेत. किल्ली कितीही विलक्षण भौतिकीने निर्माण झाली, तरी ती शेवटी कोणत्या तरी साध्या संगणकावर, कोणत्या तरी साध्या आज्ञावलीच्या हाती पडणार आहे. त्या आज्ञावलीच्या तपासणीसाठी निधीत स्वतंत्र तरतूद हवी. संशोधकाच्या मूल्यमापनात शोधनिबंध मोजले जातात. सर्वांच्या वापरातील साधनाची जबाबदारीने केलेली दुरुस्तीही मोजली जावी. आणि भारतीय लिप्यांतील इनपुटच्या चाचण्यांचा खुला संच कोणीतरी जबाबदारीने सांभाळावा. ज्यांनी इन्स्क्रिप्ट आणि इस्कीसारखी मानके घडवली, त्या देशाला हे अवघड नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतील एका जोडाक्षराने आयफोनवरील ॲप्लिकेशने कोसळू लागली, तेव्हा असा दोष देवनागरी आणि बंगालीतही उद्भवू शकतो हे मनीष गोरेगावकर यांनी विश्लेषण करून दाखवले होते. लिपी जाणणारा माणूस दुरुस्तीच्या कामात असण्याचे महत्त्व त्या प्रसंगाने सिद्ध केले.

विद्यार्थ्यांना एक गृहपाठ सुचवतो. आपण वापरता ते कोणतेही गुपिते जपणारे साधन घ्या आणि खऱ्या गुपितांऐवजी खोटी गुपिते त्यात ठेवा. एक दोन्ही टोकांना मोकळी जागा असलेले, एक बॅकस्लॅशचे, एक आडव्या रेघेने सुरू होणारे, एक रिकामे, एक ‘दऱ्या’ या शब्दाचे आणि एक शंभर देवनागरी चिन्हांचे. प्रत्येक परत काढा आणि बाइट मोजून ताडून पाहा. फरक आढळला, तर तो पुन्हा कसा घडवायचा याच्या नेमक्या पायऱ्या लिहा आणि साधन सांभाळणाऱ्यांना सभ्य शब्दांत कळवा. त्या दोषातून परक्याला गुपित मिळू शकत असेल, तर चारचौघांत सांगण्यापूर्वी त्यांना खासगीत कळवा आणि दुरुस्तीला वेळ द्या. या कामाला दोन तास पुरतात, महागडे उपकरण लागत नाही, आणि मराठी येत असल्याचा येथे थेट उपयोग होतो.